सुई टोचण्याआधी

लसीकरणाच्या दिवशी मला पेंटाचं, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचं, काही वाटत नाही. मांडी मोठी असते, सुई सरळ जाते, बाळ एकदा किंचाळतं आणि आईच्या पदरात तोंड खुपसतं. मला घाम फोडते ती बीसीजी, क्षयरोगाची लस. नुकत्या जन्मलेल्या बाळाचा डावा दंड तो केवढा! त्याच्या कातडीच्या आत, पण कातडीच्या खाली नाही, अशा जागी 0.05 मिलि औषध सोडायचं. महिन्यावरचं बाळ असेल तर 0.1. लस जिवंत जंतूंची, म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही. सुई जवळजवळ आडवी, टोकाचं छिद्र वर, डाव्या हाताने कातडी ताणून धरलेली. बरोबर बसली तर तिथे लगेच पांढरट फुगवटा उठतो. खोल गेली तर उठत नाही, आणि मग पुढे काखेत गाठ येऊन ती पिकण्याची भीती.

आणि हे करायचं कुठे, तर अंगणवाडीच्या खोलीत. वर पत्रे तापलेले, पंखा आहे पण लाईन गेलेली. दारात चपलांचा ढीग, आत सात-आठ लेकरं एकाच सुरात रडणारी, प्रत्येकाची आई आणि आईपेक्षा जास्त घाबरलेली आजी. बीसीजीची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवायची, नाही तर फेकायची, म्हणून घड्याळावर एक डोळा. टेबलावर फोन थरथरतो, कारण ग्रुपवर कोणाला तरी सेशनचा फोटो आत्ताच्या आत्ता पाहिजे असतो. त्यात कोणी सासू माझ्या कोपराला धरून सांगते, "बाई, लेकराले जास्त टोचू नका बरं."

मी आरोग्य सेविका आहे. गावात म्हणतात नर्सबाई. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या भागात, हद्दीत गावं आहेत आणि कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडेही आहेत. या नोकरीत ताण म्हणजे काही रोज उठून जीव वाचवणं नव्हे. बहुतेक ताण वरच्यासारखाच असतो: बारीक काम, गोंगाट, घाई, आणि कोणीतरी बघत असलेलं.

लोकांना वाटतं अशा वेळी हात थरथरतो. हाताची थरथर नंतरची. आधी श्वास अडकतो. स्वतःकडे नीट पाहिलं तर सापडतं की आपण श्वास आत घेऊन धरून ठेवलाय, खांदे कानापर्यंत आलेत, दात आवळलेत. मग बोटं गार पडतात, नजर आक्रसते, आणि कोणी आपल्याला काय विचारलं ते ऐकू येऊनही कळत नाही. मी नव्या पोरींना, म्हणजे शिकायला येणाऱ्या शिकाऊ सेविकांना (एएनएमना) सांगते की सुई धरायच्या आधी आपल्या खांद्याकडे पाहा. खांदे वर असले तर सुई खाली ठेवा.

माझी पद्धत हात धुण्याला बांधलेली आहे. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागले पाहिजेत असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, हा सगळा क्रम आम्हाला पाठ आहे. तेवढ्या वेळात सावकाश घेतले तर चार ते सहा श्वास बसतात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, डोळे मिटून बसावं लागत नाही, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे कोणाला कळत नाही. बाई हात धूत आहे एवढंच दिसतं. नाकाने श्वास घ्यायचा, पोट पुढे येईल इतपतच, छाती फुगवून नाही. मग ओठ थोडे जवळ आणून फुंकणीत फुंकल्यागत बाहेर सोडायचा, घेतला त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ. ज्यांनी ओल्या पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, चूल पेटवली आहे त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. जोरात फुंकलं तर राख उडते, हळू आणि लांब फुंकलं तर निखारा धरतो. बीसीजीची सुई आत जाते ती मी अशाच एका सोडत्या श्वासाच्या शेवटी घालते. नेमबाजही श्वास सोडून झाल्यावरच्या त्या क्षणभराच्या थांब्यात घोडा दाबतात, कारण तेव्हा छाती हलत नसते.

बाहेर सोडण्यावर माझा एवढा भर का, हे कोणालाही स्वतःच्या बोटावर बघता येतं. कोविडने आमच्या उपकेंद्राला दिलेली एक कामाची वस्तू म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. दुपारी ओपीडी रिकामी असली की बोटाला लावा आणि नाडीच्या आकड्याकडे पाहत बसा. श्वास घेताना आकडा चढतो, लांब सोडताना, किंचित उशिराने, उतरतो. नीट सावकाश केलं तर फरक चांगला डोळ्यांत भरतो. कार्ल लुडविग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे 1847 मध्येच नोंदवून ठेवलं आहे. मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालत असते. श्वास घेताना लगाम थोडा सुटतो, सोडताना पुन्हा ओढला जातो. हृदयाला "हळू चाल" असं सांगून ते ऐकत नाही. श्वासाला सांगितलेलं श्वास ऐकतो, आणि हृदय त्याच्यामागे जातं. शरीरातल्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेला हात लावायला निसर्गाने एवढी एकच खिडकी उघडी ठेवली आहे म्हणा ना.

2023 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास आला. शंभराहून थोड्या जास्त लोकांना गटांत विभागलं आणि महिनाभर रोज पाच मिनिटं काही ना काही करायला लावलं. एका गटाला ध्यान, एकाला समान मापाचा श्वास, एकाला जोरजोरात श्वास, आणि एकाला उसासे. उसासे म्हणजे नाकाने श्वास घ्यायचा, वरून आणखी एक छोटा घोट घ्यायचा, आणि मग तोंडाने लांब सोडून द्यायचा. फायदा सगळ्यांनाच झाला, पण मन प्रसन्न होण्यात उसासेवाले पुढे गेले. मला हे वाचून हसूच आलं. आमच्याकडच्या बाया दिवसभर उसासे टाकतात आणि सासवा त्यांना "कायले उसासे टाकून राह्यली" म्हणून बोल लावतात. खरं तर प्रत्येक माणूस तासाला दहा-बारा उसासे नकळत टाकतच असतो. फुप्फुसातल्या मिटत चाललेल्या बारीक पिशव्या त्याने पुन्हा उघडतात. तेव्हा सुनेला उसासा टाकू द्यावा.

आता एका सल्ल्याबद्दल बोलायचं आहे, ज्याचा मला मनापासून राग आहे. "दीर्घ श्वास घे." घाबरलेल्या माणसाला जो तो हेच सांगतो, आणि घाबरलेला माणूस ते ऐकतोही. तोंड उघडून, छाती वर उचलून, भराभर मोठमोठे श्वास ओढतो. मग काय होतं ते मी गावात अनेकदा पाहिलंय. एकदा बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत एका पोरीला दोघांनी उचलून आणलं. हाताचे तळवे आत वळलेले, बोटं सरळ ताठ एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत. ओठाभोवती मुंग्या. "मले श्वासच येऊन नाही राह्यला," हे ती धापा टाकतच सांगत होती. मागून कोणी कुजबुजलं की बाहेरचं आहे, लिंबू आणा. एक काकाजी मोठ्याने, "लांब श्वास घे बेटा, लांब घे!"

तिला श्वास कमी पडत नव्हता, जास्त होत होता. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. रक्ताचं आम्ल-अल्कली गणित बिघडतं, त्यामुळे मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि बोटं अशी वळतात. वळलेली बोटं पाहून माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात ओढतो. मी काकाजींना पाणी आणायला पाठवलं (पाणी नको होतं, काकाजी बाहेर पाहिजे होते), तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "माझ्याकडे पाह्य माय. घेऊ नको. सोड. अजून सोड. आता थांब जराशी." सोडणं लांबलं की घेणं आपोआप लहान होतं. काही मिनिटांत बोटं सैल पडली. नाकातोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय मात्र करू नका. खरंच दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असला तर तो अंगाशी येतो.

त्या दिवशी मार्च महिना होता, म्हणून मी तिच्याशी निवांत बोलले. तोच प्रकार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आला असता तर आधी डोळ्यांत टॉर्च मारला असता.

आमच्या भागात हे लिहिल्याशिवाय श्वासावरचा लेख पुरा होत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीला टेकली होती, फवारा वर मारावा लागायचा आणि तुषार अंगावर, नाकातोंडात यायचे. तेव्हापासून पोळ्याच्या आसपास कोणी "घाबरल्यासारखं होऊन राह्यलं, दम लागते" म्हणत आलं की मी श्वासाचा व्यायाम हा विषयच काढत नाही. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे का, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, छातीत घरघर, उलटी, स्नायू फडफडणं, हे बघते. एक जरी दिसलं तरी 108 ला फोन, अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणं, आणि अॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध जिथे मिळेल तिथे लवकरात लवकर पोचवणं. अशा माणसाला "शांत हो, श्वास सोड" म्हणत बसणं म्हणजे त्याची वेळ खाणं.

याच्यामागचं रसायन मला फार विलक्षण वाटतं. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाने 1921 मध्ये ऑस्ट्रियात बेडकाची दोन हृदयं दोन भांड्यांत धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस विजेने चेतवली, ते हृदय मंदावलं. मग त्या भांड्यातलं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे नस हृदयाला जे सांगते ते एका द्रव्याच्या रूपाने सांगते. ते द्रव्य पुढे असिटिलकोलीन म्हणून ओळखलं गेलं आणि 1936 मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. आपण लांब श्वास सोडतो तेव्हा हृदयाचा ठोका ठरवणाऱ्या गाठीवर हेच द्रव्य थोडंसं सुटतं, आणि त्याला लगेच मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) शेजारीच हजर असतं. पुढच्या श्वासाला पाटी कोरी. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची विषं नेमकं त्या मोडणाऱ्या विकरालाच जायबंदी करतात. द्रव्य साचत जातं. घाम थांबत नाही, लाळ थांबत नाही, फुप्फुसात पाणी भरतं. ज्या नसेच्या भरवशावर मी सुईआधी हात स्थिर करते, तिचाच निरोप थांबेनासा झाला की माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. अॅट्रोपिन त्या द्रव्याचं दार अडवतं, म्हणून डॉक्टर छाती कोरडी होईपर्यंत ते देत राहतात.

ओपीडीत मी हे चित्र काढून समजावते तेव्हा पुरुष मंडळी लक्ष देऊन ऐकतात. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झालं असं नसतं, विष कातडीतूनही जातं, हे मात्र दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

बाळंतपणाच्या खोलीत श्वास हे बोलण्याचं साधन होऊन जातं. कळा येत असतात तोवर बाईला दोन कळांच्या मध्ये सैल पडायला शिकवायचं. बाळाचं डोकं बाहेर यायला लागलं की उलट सांगायचं: "आता ढकलू नको माय, फुंकर मार, फुंकर मार." ढकललं तर फाटतं. फुंकर मारणाऱ्या बाईला एकाच वेळी जोर लावता येत नाही, एवढंच त्यातलं शहाणपण. पहिलटकरणीला हे त्या क्षणी शिकवता येत नाही. सातव्या महिन्यापासून तपासणीला येते तेव्हाच मी शिकवून ठेवते, आणि सोबत आलेल्या सासूलाही फुंकर मारायला लावते. खोलीत हशा होतो. तो हशा नंतर कामी येतो.

पण माझी स्वतःची खरी परीक्षा बाळ रडलं नाही तर असते. पुसायचं, ऊब द्यायची, मान सरळ करायची, तोंड-नाक साफ करायचं, पाठीवर चोळायचं, आणि तरी श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने हवा द्यायची. मिनिटाला 40 ते 60 वेळा. इथे मला कोणी लांब श्वास सोडायचा सल्ला दिला तर मी त्याला बाहेर काढीन. इथे हात धुवायलाही वेळ नाही, ते आधीच झालेलं असलं पाहिजे. इथे प्रशिक्षणात शिकवलेली मोजणी उपयोगी पडते, आणि मी ती मोठ्याने म्हणते: "दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." मोठ्याने म्हणण्याचा फायदा दुहेरी आहे. पिशवीचा वेग बिघडत नाही. आणि बोलायचं म्हटलं की श्वास सोडावाच लागतो, धरून ठेवता येत नाही. बाळाला श्वास देणारी बाईच श्वास धरून उभी आहे, असं होत नाही. शेजारी उभी असलेली आशाताई माझ्या सुरात सूर मिसळते तेव्हा तिचेही हात हलायला लागतात. गोठलेल्या माणसाला काम देण्याची ही फार जुनी युक्ती आहे. तू टॉर्च धर, तू घड्याळ बघ, तुम्ही गाडीवाल्याला फोन लावा. दहा नातेवाईक ओरडत असतील तर दहा कामं काढावी, कितीही फालतू का असेना.

ताण मुळीच नसावा असं मला वाटत नाही, ही माझी आणि योगशिबिरवाल्यांची जुनी भांडणाची जागा. 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं. चुकीच्या पेटीत गेला की विजेचा झटका. ओळखणं सोपं होतं तेव्हा झटका जितका मोठा तितकं उंदीर लवकर शिकले. दोन्ही पेट्यांमधला उजेडाचा फरक कमी करून काम अवघड केलं तेव्हा मात्र मोठ्या झटक्याने शिकणं बिघडलं, मध्यम झटका बरा ठरला. उंदरांच्या जागी मला ठेवा. रजिस्टर भरणं, गोळ्या मोजणं, गठ्ठे उचलणं ही कामं मी दडपणाखाली दुप्पट वेगाने करते. मार्च अखेरीस तर वाऱ्यासारखी करते. पण हगवणीने सुकून गेलेल्या वर्षाच्या पोराच्या हातात सलाईनची पिवळी कॅन्युला (शिरेतली नळी) घालायची, शीर दिसत नाही, नुसती बोटाला कुठेतरी भासते, तिथे तेच दडपण आड येतं. म्हणून रजिस्टरसाठी मी श्वासबिस काही करत नाही. शीर फुगवायला हाताला टुर्निकेटचा पट्टा बांधताना मात्र करते. बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक लांब सोडायचा, मग बोट ठेवायचं.

सराव कधी करायचा, असं शिकाऊ पोरी विचारतात. गरज नसताना. ज्या दिवशी गरज आहे त्या दिवशी पहिल्यांदा केलं तर नुसतं आणखी एक काम वाढतं. मी एसटीची वाट पाहताना करते, आणि आमच्याकडे एसटी सरावाला भरपूर वाव देते. शिवाय आमच्या गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून ही रीत विदर्भात गावोगाव पोचवली. एका लयीत, सगळ्यांनी मिळून, लांब ओळी. ओळ संपेपर्यंत श्वास सोडतच राहावा लागतो आणि पुढच्या ओळीआधी पटकन घ्यावा लागतो. इटलीतल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये एक अभ्यास छापला होता. लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळी लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येऊन बसला, आणि त्या वेगाला हृदय आणि रक्तदाब यांची लय छान जुळली. आमच्या प्रार्थनेवर कोणी यंत्र लावून पाहिलेलं नाही. पण दिवसभर निंदायला गेलेल्या बाया प्रार्थनेनंतर वेगळ्याच आवाजात बोलतात, हे ऐकायला यंत्र लागत नाही. देवाधर्मात मी फारशी नाही. तरी जाऊन बसते.

महिन्याच्या आढावा बैठकीत काय करते, हेही सांगून टाकते. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि गरोदर माता किती नोंदल्या, किती राहिल्या, का राहिल्या याचं उत्तर द्यायचं. घसा कोरडा पडतो, आकडे समोर असून दिसत नाहीत. मी उभी राहताना श्वास सोडते. खुर्चीतून उठायला लागतो तेवढा वेळ. आणि पहिलं वाक्य मुद्दाम हळू बोलते, कारण पहिलं वाक्य घाईत गेलं की बाकीची त्याच्यामागे पळतात. बाकी काही नाही. एवढ्याने साहेब खूश होतात असं नाही, पण मला माझेच आकडे वाचता येतात.

एकदा आम्हाला ताणमुक्तीचं प्रशिक्षण होतं. पडद्यावर धबधब्याचा फोटो, बासरी, डोळे मिटा, सकारात्मक विचार करा. वक्त्याचा दोष नाही, तो भला माणूस होता. पण शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली की तिच्या शेजारच्या उपकेंद्राची जागा रिकामी आहे, ती गावंही तीच पाहते, आणि आजच्या प्रशिक्षणामुळे तिचं आजचं सेशन उद्यावर गेलंय. दोन माणसांचं काम एका माणसावर टाकून त्याला श्वास घ्यायला शिकवणं हा मला चावटपणा वाटतो. श्वासाने सुई नीट बसते, रिकामी जागा भरत नाही. हे त्या दिवशी मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिलं, खाली सही करून.

रागाला ही युक्ती कमी चालते, हे माझं निरीक्षण. रात्री दारू पिऊन दार वाजवणारा आणि "नर्सबाई, गोळी दे" म्हणणारा समोर असतो तेव्हा मी किती का लांब श्वास सोडेना, राग राहतोच. तिथे मी आवाज खाली आणते आणि वाक्यं लहान करते. दार मात्र उघडत नाही.

आमच्या आशाताईंनी घरी करून पाहिलं तर तक्रार घेऊन आल्या, "सिस्टर, मले तं चक्करच आली." करून दाखवा म्हटलं, तर पाण्यात बुडी मारायच्या आधी घ्यावा तसा श्वास घेत होत्या. घेणं निम्मं करायला लावलं, चक्कर गेली. गरोदर बायांनी, बीपीवाल्यांनी श्वास रोखून धरायचे प्रकार करू नयेत. दम्याचा पंप चालू असेल त्याने पंप सोडू नये. हे मी गृहभेटीत दर वेळी सांगते, कारण टीव्हीवर पाहून कोण काय बंद करेल याचा भरवसा नाही.

परवा बीपी तपासायला आलेल्या एका काकाजींना हेच शिकवत होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मी तं बिडी पेताना लांबच सोडतो ना श्वास. म्हणूनच तं बरं वाटते मले."

अर्धं बरोबर आहे तुमचं काकाजी, म्हटलं. सोडायचं तसंच सोडा, फक्त बिडी काढा.

"मंग फुंकू काय?"

काकू बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या, "घरी चूल हाय."